सिंकखाली एकदा वाकून बघाच

नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलायस ना, मग ट्रॉलीत डबे लावायच्या आधी हे वाच. किचनमध्ये पाणी सहसा धो धो फुटत नाही रे, थेंब थेंब गळतं आणि आपल्याला कळतं तेव्हा प्लाय फुगलेला असतो. आमच्याकडे आरओची ती पाव इंची पांढरी नळी जॉइंटपाशी पाझरत होती, वरून सगळं कोरडं, पण ट्रॉलीच्या तळाला बोट लावलं तर लॅमिनेट पापडासारखं उचललेलं, आणि खालच्या काकू सांगायला आल्या की छताला डाग पडलाय.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा सिंकखालचं सगळं बाहेर काढते, मोबाईलचा टॉर्च लावते आणि कोरडा टिश्यू प्रत्येक जॉइंटभोवती फिरवते, भिंतीतला छोटा नळ म्हणजे अँगल कॉक, त्याला जोडलेला कनेक्शन पाइप, सिंकच्या भोकाखालचं वेस्ट कपलिंग, सगळीकडे. टिश्यू ओला झाला की समजायचं. वेस्टचं बघायचं तर सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायचं, नुसत्या बारीक धारेत ते कळत नाही. प्लास्टिकचे नट मात्र पान्याने आवळू नकोस, चिरतात, हातानेच घट्ट कर, तरी गळलं तर वॉशर बदल.

आणि गावाला जाताना आरओचा इनलेट नळ आणि किचनचा मेन कॉक बंद करून जा, आठवणीने. कॉक अधूनमधून फिरवत पण जा, नाहीतर क्षार धरून तो जाम होतो आणि नेमका गरजेला फिरत नाही.