जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्या मुंडकार घरातल्या आजीचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. तो गोष्टींतून जपता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल, आणि सुरुवात याच महिन्यात करा.

तुम्ही म्हणता की आजी गोव्यातल्या सांगे तालुक्यातली, आणि ग्रंथालयं पालथी घालूनही तिच्या माणसांबद्दल एक ओळ मिळाली नाही. मिळणार कशी? गोव्यातल्या गावांची जुनी दप्तरं कोमुनिदादची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची, त्यात नावं गावकरांची, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदांची. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून त्याचे माड राखणाऱ्या मुंडकाराला कागदावर जागा मिळाली ती बहुतेक भांडण झालं तेव्हा. मुंडकार कायदाही आला तो १९७५ मध्ये. म्हणून या लोकांच्या बाबतीत तोंडी गोष्ट हाच दस्तऐवज, असं मी मानते.

तुमच्याच तालुक्यातलं कुर्डी बघा. साळावली धरणात गाव गेला, माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत नेऊन वसवली. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात, सोमेश्वराच्या देवळाशी जुने लोक जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांमुळे गावाचं नाव गाण्याच्या जगात राहिलं. महादेवाचं प्राचीन देऊळ तर दगड सुटे करून दुसरीकडे पुन्हा उभारलं. पण गुरं कुठल्या वाटेनं चरायला जात, कोणाच्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत नसे, हे कुणी उचलून नेलं नाही. ते आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपाशीच आहे, आणि त्यातली दरवर्षी कमी होताहेत.

आजीला ‘इतिहास सांग’ म्हणू नका. तेवढ्यानं जुनी माणसं गप्प होतात, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटतं. कामाचं विचारा. नारळ पाडायच्या दिवशी घरात कोण काय करायचं? मजुरी पैशात मिळे की भातात? चवथीला भाटकाराकडे काय न्यावं लागे? पावसाआधी घर शाकारायला माडाची चुडतं कुठून आणायची? जमलं तर तिला त्या जागी घेऊन जा. हात करून दाखवताना माणसाला घरात बसून आठवत नाही ते आठवतं. वाड्यावर धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, होत असतील तर पौषात मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या जागी, खेळून आलेल्या बायकांना दुसऱ्या दिवशी भेटा, गाणी तेव्हा ओठांवर असतात.

ती कोंकणीत बोलली तर कोंकणीच उतरवा. मराठीत आणताना आपण वाक्यं सारवून गुळगुळीत करतो आणि तिचा राग पुसला जातो. मूळ ध्वनिमुद्रण तर कधीच पुसू नका. तिची नि तिच्या भावाची आठवण जुळली नाही तर दोन्ही ठेवा, कोणाची कुठली ते लिहून.

कुठेही छापण्याआधी तिला सगळं वाचून दाखवा. घराच्या जागेचे दावे गोव्यात पिढ्यान्पिढ्या चालतात. एखादं नाव गाळ म्हणाली तर कारण न विचारता गाळा, आणि पूर्ण प्रत घरच्यांपुरती ठेवा.