१८ डिसेंबरचं तिकीट काढू नका

तुमचा बेत मला असा समजला. मिस्टरांना इंग्लंडमधल्या रेडिंग गावच्या कंपनीने ऑक्टोबर ते जानेवारी कधीही रुजू व्हायला सांगितलंय. तुम्हाला दिवाळी आजी-आजोबांबरोबर करायची आहे, थोरल्याची सहामाही उरकायची आहे, आणि मग १८ डिसेंबरला निघून नाताळच्या सुट्टीत निवांतपणे घर लावायचं आहे. थोरल्याला जूनमध्ये सहा पूर्ण झाली, धाकटी ऑक्टोबरात तीन वर्षांची होईल. ही तारीख बरी, की सरळ जानेवारीत यावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. जमवता येत असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. दिवाळीचं वाईट वाटेल, ते मान्य. पण लहान मुलांना इथे रुळायला डिसेंबरच्या शाळेसारखी दुसरी संधी नाही, आणि १८ तारखेला आलात तर नेमकी तीच हुकते.

आधी १८ तारखेचं सांगते. शाळा साधारण २० डिसेंबरच्या आसपास बंद होतात, त्या थेट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. घर भाड्याने देणारे एजंट २४ तारखेच्या दुपारी कुलूप लावतात, आणि बहुतेक जण नवीन वर्ष उजाडल्याशिवाय फोन उचलत नाहीत. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेऱ्यांचंही तेच. २५ तारखेला इथे ट्रेन नसते. उशिरा धावते असं नाही, नसतेच. २६ लाही बहुतेक मार्ग बंद. बसचंही जवळपास तसंच. मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरच्या वरची, २५ ला उघडायला इंग्लंड-वेल्समध्ये २००४ सालापासून कायद्यानेच बंदी आहे. त्यात उजाडतं आठला आणि चारच्या सुमारास अंधार. तात्पुरत्या घेतलेल्या दोन खोल्यांत, ओळखीचं कोणी नाही, बाहेर पाऊस, आणि सहा आणि तीन वर्षांची दोन पोरं. याला निवांत म्हणायचं असेल तर म्हणा.

आता ऑक्टोबरच का, त्याचा हिशोब. वर्षाच्या मध्ये प्रवेश घ्यायचा तर अर्ज कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे करावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी आधी इथला पत्ता लागतो. अर्ज केल्यापासून शाळेचे पंधरा दिवस भरायच्या आत उत्तर मिळालंच पाहिजे असा नियम आहे; दहा दिवसांत द्यावं अशी अपेक्षा असते. हे शाळेचे दिवस हं, शनिवार-रविवार सोडून. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभराची सुट्टी येते, तीही मोजायची नाही. म्हणजे २० ऑक्टोबरच्या सुमारास अर्ज टाकलात तर मुलगा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वर्गात बसेल. तोच अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलात तर उत्तर येईपर्यंत सुट्टी लागलेली असेल.

थोरला ३१ ऑगस्टच्या आत सहा वर्षांचा झालाय, म्हणजे तो इयर टूमध्ये जाईल. सरकारी शाळेत रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या पहिल्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट असतं, व्हिसा कुठलाही असो. धाकटीचं गणित वेगळं आहे. ती डिसेंबरच्या आत तीन पूर्ण करतेय, त्यामुळे जानेवारीच्या सत्रापासून तिला आठवड्याला १५ तास नर्सरी मोफत मिळू शकते, वर्षातले ३८ आठवडे. पण जानेवारीत जागा मिळायची तर नाव ऑक्टोबरातच घातलेलं बरं. चांगल्या नर्सऱ्यांत रांग असते.

आता डिसेंबरच्या शाळेविषयी. नोव्हेंबर सरता सरता शाळेच्या ॲपवर निरोपांचा पाऊस सुरू होतो. अमक्या दिवशी युनिफॉर्म नको, त्याबदल्यात शाळेतल्या नाताळच्या जत्रेसाठी चॉकलेटचा डबा आणा. डिसेंबरातल्या एका गुरुवारी नाताळचा स्वेटर घालून या आणि सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठीच्या संस्थेला एक-दोन पौंड द्या. (नवा स्वेटर घेऊ नका. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, दोन-चार पौंडांत मिळतो, आणि पुढच्या वर्षी तो लहान होणारच असतो.) नाताळचं जेवण अमक्या दिवशी, शाकाहारी हवं असेल तर आधी कळवा. वर्गातल्या पार्टीला काय आणणार ते लिहा. एखादा निरोप वाचायचा राहिला की सकाळी शाळेच्या फाटकाशी आपलंच पोर युनिफॉर्ममध्ये आणि बाकी सगळे रेनडिअर, असं दृश्य बघायला मिळतं.

आणि नाटक! येशूच्या जन्माचं नाटक धाकट्या वर्गांत जवळजवळ सगळीकडे होतं. मेरी आणि जोसेफ ठरलेले असतात, बाकीचे मेंढपाळ, देवदूत, तारे, मेंढ्या. मेंढपाळाचा पोशाख म्हणजे घरातला ताटं पुसायचा चौकड्यांचा टॉवेल डोक्यावर टाकायचा आणि वरून पट्टी बांधायची. माझ्या मुलीला पहिल्या वर्षी मेंढी केलं होतं. वाक्य एकच, तेही सगळ्या मेंढ्यांनी मिळून म्हणायचं. इंग्रजी तोवर तिच्या तोंडात बसलं नव्हतं, पण गाणी रोज वर्गात घोकून घेत असल्यामुळे सगळी पाठ. भाज्या चिरताना मागून उंटांचं गाणं ऐकू यायचं. डिसेंबरचा फायदा म्हणते तो हाच. अभ्यासाचा धोशा थोडा सैल असतो, गाणी, कागदकाम, रांगेत उभं राहणं असंच खूप चालू असतं, आणि नवीन मूल त्यात न बोलताही सामील होऊ शकतं. जानेवारीत आलेलं मूल थेट स्पेलिंगच्या चाचणीत जाऊन पडतं.

नाताळच्या कार्डांची आणखी एक गंमत. या वयाच्या वर्गात कायद्याने जास्तीत जास्त तीस मुलं, आणि बरीचशी एकमेकांना कार्ड देतात. शिक्षिकेकडून नावांची यादी मागून घ्या आणि रोज पाच-पाच कार्डं मुलाकडूनच लिहून घ्या. आठवड्याभरात सगळ्या वर्गाची नावं त्याला येतात आणि कोण कोणाची आई हे तुम्हाला कळायला लागतं. मला तर पहिल्या मैत्रिणी अशाच मिळाल्या. शिक्षिकेच्या भेटीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटात वर्गणी निघते. तीत जमेल तेवढं घाला, वेगळं काही घ्यायची गरज नाही.

धर्माचं विचारलंत. मुलं चर्चमध्ये गाणी म्हणायला जातात, एखादं संत्रं घेऊन घरी येतात. त्याला लाल फीत बांधलेली असते, मधोमध मेणबत्ती, आणि चार काड्यांना बेदाणे किंवा गोळ्या टोचलेल्या. त्याला ख्रिसिंगल म्हणतात. गोळ्या दारापर्यंत पोचेस्तोवर संपलेल्या असतात. तुम्हाला नको असेल तर प्रार्थनासभेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क कायद्याने पालकांना आहे. आम्ही तो कधी वापरला नाही. देव्हाऱ्यातल्या गणपतीला याचं काही वाटलेलं दिसत नाही. दिवाळीला मात्र वर्गात जाऊन पणत्या करून घ्यायची तयारी दाखवा, शाळा आनंदाने बोलावते.

खाण्याचं तेवढं बघा. मार्शमॅलो आणि बऱ्याच जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. मिन्स पाय म्हणजे नाताळची छोटी पेस्ट्री, आत सुकामेवा, पण काहींत गाईची चरबी घालतात, तेव्हा शाकाहारीचा शिक्का पाहून घ्या. आणि थोरल्याला एक नक्की बजावून ठेवा: सांता म्हणजे आईबाबाच, हे ज्ञान वर्गात वाटायचं नाही. त्यावरून पालकांचे फोन येतात. त्यापेक्षा थोरल्यालाच सांताला पत्र लिहायला लावा. रॉयल मेलचा सांतासाठी खास पत्ता आहे, रेनडिअरलँड, एक्सएम४ ५एचक्यू. नोव्हेंबर संपायच्या आत टाकलं आणि आत स्वतःचा पूर्ण पत्ता लिहिला तर उत्तर यायची चांगली शक्यता असते.

आजारपण गृहीत धरा. पहिल्या हिवाळ्यात नाक वाहणं थांबत नाही. उलट्या-जुलाब झाले तर थांबल्यावर ४८ तास शाळेत पाठवायचं नाही. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा असायलाच हवा असं नाही, दवाखान्याच्या काउंटरवर कोणी अडवलं तर शांतपणे हे सांगा. सुट्टीत दवाखाना बंद असला तर १११ या आरोग्यसेवेच्या मदत क्रमांकाला फोन.

पुढच्या वर्षी नाताळात भारतात यायचा मोह होईल. भाडी तेव्हा कडाडतात, म्हणून लोक शाळा आठवडाभर आधीच बुडवतात. पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंड: दर पालकामागे, दर मुलामागे ८० पौंड, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तिकिटात वाचलेले पैसे त्यात जातात. (हे इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये शाळांचे नियम वेगळे.)

दिवाळीवरून आजी-आजोबा रुसतील, त्यांना एक सांगा. ५ नोव्हेंबरला इथे गाय फॉक्सच्या, म्हणजे पार्लमेंट उडवायचा कट फसलेल्या माणसाच्या, नावाने गावभर आतषबाजी असते, त्यामुळे फुलबाज्या सुपरमार्केटात मिळतात, आणि दिवाळीच्या रात्री फटाके उडवायला १ वाजेपर्यंत मुभा आहे. एरवी बहुतेक रात्री ११ ला बंद. आकाशकंदील मात्र बॅगेतून घडीचा आणा.

ऑक्टोबर अगदीच जमणार नसेल, तर मिस्टरांना २ जानेवारीनंतर एकट्याला येऊ द्या. त्यांनी घर घ्यावं, शाळेचा अर्ज टाकावा, आणि तुम्ही मुलांना घेऊन जानेवारीअखेर या. मुलांसाठी जाड कोट तिकडून घेऊ नका. तिथल्या हिल स्टेशनवरचे कोट इथल्या पावसात भिजतात. आतून घालायचे थर्मल आणा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट इथे घ्या. छत्र्या आणूच नका, वाऱ्यात उलट्या होतात.