मराठवाड्याला समुद्र नाही, मग कंपन्यांचा पर्यावरण निधी आपल्या गावाला मिळेल का?

तुम्ही विचारलंय की किनारपट्टीवर कंपन्या कांदळवनं, समुद्री जीव, मच्छीमारांची गावं यांच्यासाठी पैसा देतात, तर जायकवाडीच्या काठावरच्या तुमच्या गावाला तसं काही मिळेल का. मिळू शकतं. मी याच भागात पाणलोटाच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये किनाऱ्याला वेगळा मान नाही. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पर्यावरण आणि ग्रामविकास दोन्ही त्यात बसतात. शिवाय कंपनी जिथं आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. वाळूज, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहती आणि जालन्याच्या स्टील कंपन्या आपल्याजवळच आहेत.

पण पैसा मिळण्यापेक्षा काम कसं आखलंय हे महत्त्वाचं. किनाऱ्यावरचं मला सगळ्यात पटलेलं काम सौराष्ट्रातलं आहे. तिथं व्हेल शार्क या अवाढव्य माशाची यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण मासा चुकून जाळ्यात आला तर महागडं जाळं कापून त्याला सोडणार कोण? २००४ पासून टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनविभागानं मिळून मोहीम चालवली. मच्छीमारानं जाळं कापायचं, मासा सोडतानाचा फोटो काढायचा आणि वनविभागानं जाळ्याची भरपाई द्यायची. शेकडो मासे असे सुटले. ज्याचं नुकसान होणार होतं त्याचा विचार आधी झाला होता, म्हणून ते जमलं असं मला वाटतं.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, हाच प्रश्न आहे. ते पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. त्याच पाण्यावर मासेमारांचं पोट आहे आणि पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर गाळपेराची शेती होते. कुणी पक्ष्यांसाठी निधी घेऊन आलं, तर पहिला प्रश्न हा विचारा की गाळपेरवाल्यांचं आणि जाळं टाकणाऱ्यांचं काय. उत्तर नसेल तर गावात भांडणं लागतील, पक्षीही वाचणार नाहीत.

संभाजीनगरात खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक ही कंपनी आणि पर्यावरणाचं काम करणारी इकोसत्त्व यांनी मिळून केलंय. एकदा जाऊन पाहाच. खामचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं.

दोन गोष्टींवर अडून बसा. नुसती रोपं घेऊ नका. पावसाळ्यात लावलेलं रोप आपल्याकडच्या मे महिन्यात पाण्याविना उभं राहत नाही, म्हणून पहिले तीन उन्हाळे पाणी आणि राखणदार यांचा खर्च करारात लिहून घ्या. आणि कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणं हे त्या कंपनीचं कर्तव्यच आहे, ते सामाजिक काम म्हणून तुमच्या गळ्यात मारू देऊ नका.

कंपनी एखाद्या माणसाच्या हातात पैसे देत नाही. ती स्वतः काम करते, नाहीतर सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून काम करण्यासाठी संस्थेनं सरकारकडे करायची नोंदणी) असलेली संस्था मध्ये लागते. आधी ग्रामसभेत ठराव करा, त्यात मासेमार आणि गाळपेर करणारे दोघांच्या सह्या घ्या, मग संस्था शोधा. ठरावाचा मसुदा इथं टाकलात तर मी वाचून सुचवतो.