फोटोग्राफी शिकताना एडिटिंग शिकावं का, की ती फसवणूक असते?

तू विचारलंयस, 'बारावीत आहे, फोटोग्राफी शिकायचीय, कॅमेरा कोणता घेऊ, आणि एडिट केलेला फोटो खोटा असतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात ते खरं का?' कॅमेऱ्याचं नंतर बोलू. त्या 'खोटा'वरून माझं दोन वर्षांपूर्वी एकांशी वाजलंय आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मी रत्नागिरीत शेवटच्या वर्षाला आहे. माझी आते कशेळीला असते. राजापूर तालुक्यातलं, कनकादित्याचं देऊळ आहे तेच कशेळी. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात हेही आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी फोटो हवा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात एसटीने गेलो आणि भर दुपारी सड्यावर पोचलो, कारण एसटी त्याच वेळेला पोचते.

काही दिसेना. म्हणजे पायाखाली रेघ आहे हे कळायचं, पण स्क्रीनवर नुसता काळपट कातळ. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमाराला असतो. खाचेला सावलीच नाही, मग खाच कसली दिसणार? हे आज सुचतंय. तेव्हा म्हटलं, घरी जाऊन कॉन्ट्रास्ट वाढवू. दीडशे फोटो काढले, सगळे जेपेगमध्ये. रात्री आतेच्या ओटीवर लॅपटॉप उघडून स्लायडर ओढत बसलो. रेघ काही उठली नाही, कातळावर नुसते डाग उठले. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, त्याच १६,३८४. पण खरं सांगायचं तर रॉ असती तरी फरक पडला नसता. जी सावली पडलीच नाही ती कुठल्या सॉफ्टवेअरमधून आणणार?

आते म्हणाली, "दुपारचं काय बघतोस तिथं? ऊन कललं की जा." ती गुरं घेऊन आयुष्यभर त्या सड्यावर फिरलेली, तिला यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र सकाळी का नाही सांगितलंस म्हणून राग आला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गेलो. सहाच्या पुढे ऊन आडवं झालं आणि एकेका खाचेच्या कडेला काळी रेघ धरू लागली. पाचेक मिनिटांत सगळा कातळ भरून चित्रं! हत्ती अख्खा मावणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याच्या पोटातलं पाकट धरलं (चपटा मासा, आते त्याला वागळी म्हणते). उभ्याने काढला तर शेपटीकडचा भाग दूर आणि बारीक दिसत होता. मग आतेच्या घरचा आंबे काढायचा घळ आणला, त्याच्या जाळीत मोबाईल उताणा बसवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि घळ वर धरला. बावीस फोटोंपैकी एक बरा आला. तोही थोडा तिरका होता. एडिटिंगमध्ये पर्स्पेक्टिव्ह सरळ केलं, सावल्या किंचित गडद केल्या, माझ्या पायाचा अंगठा आला होता तो क्रॉप केला. एवढंच.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गावातले एक जुने फोटोग्राफर होते. लग्नं, मुंजी, सगळ्या गावाचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांनी विचारलं, "एडिट केलायस?" मी हो म्हटलं. "मग हा फोटो नाही, हे चित्र. काढा बाहेर." आणि शेजारच्याच भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो, त्याच हत्तीचा, खाचा पांढऱ्याशुभ्र. मी विचारलं, काका, या रेघा पांढऱ्या कशा? म्हणाले, "रांगोळी भरली. दिसायला नको?"

म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या खाचेत रांगोळी ओतली तर तो खरा फोटो, आणि मी घरी बसून सावली गडद केली तर खोटा! मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलंच.

शिवाय एडिट न केलेला फोटो म्हणजे काय? जेपेग निघतो तेव्हा रंग, धार, नॉइज हे सगळं कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मोबाईल तर बऱ्याचदा अनेक फ्रेम जोडून एक करतो. फिल्मच्या काळात एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं यंत्र) हात फिरवून आकाश गडद करायचे. फोटोशॉपमधल्या 'डॉज' आणि 'बर्न'ची नावं तिथूनच आली. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या घालवायचे, काकांनीही घालवल्यात, माझ्या आजीच्या फोटोत सुरकुती नाही. आणि खोटेपणाला फोटोशॉपच लागतं असंही नाही. ते १९९०चं. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले होते, उभ्या पानात मावावेत म्हणून. ते चूक. माझं पाकट होतं तिथंच आहे.

तर एडिटिंग शीक, पण वर्षभर आधी ऊन बघायला शीक. डार्कटेबल आणि गिंप फुकट आहेत, मोबाईलवर स्नॅपसीड पुरतं. पहिल्या वर्षी मीही सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढून जांभ्याचा चिरा टोमॅटोसारखा केला होता. आते म्हणाली, "हा कुठला सडा?" तो फोटो मी काढून टाकला.

कॅमेरा: सेकंडहँड घे, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स चालेल, पण रॉ निघायला हवी. त्याआधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घे. आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, माझ्या एकीला धरली.

हे सगळं एकतर्फी झालंय, मान्य. कोपर अंगाला टेकवून कॅमेरा स्थिर धरायला मला त्या काकांनीच शिकवलं. आणि बातमीच्या फोटोला किंवा काही स्पर्धांना खरोखरच कडक नियम असतात, मूळ फाइल मागतात, ते आधी वाच.

आणि घळाचा प्रयोग करणार असशील तर जाळीवर भरवसा ठेवू नकोस, वर रबर बांध. माझ्या मोबाईलच्या काचेचा तडा तेविसाव्या फोटोचा आहे.