पागेच्या कुंपणात अडकलेली वाट

प्रश्न : आमचे गाव मांडव्याच्या धक्क्याजवळ आहे. मुंबईकरांनी आजूबाजूच्या वाड्या विकत घेऊन मोठे बंगले बांधले, आणि आमच्या भातखाचरांना लागून घोड्यांची पागा झाली. यंदाच्या उन्हाळ्यात मालकांनी तारेचे कुंपण घातल्याने खाचरांकडे जाणारी आमची पिढीजात वाट बंद झाली. "वाट सातबाऱ्यावर दाखवा," असे त्यांचे व्यवस्थापक म्हणतात. शिवाय घोड्यांची लीद आमच्या विहिरीजवळ टाकली जाते. काय करावे?
– एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे मोटारी वाहून नेणारी बोट, सुरू झाल्यापासून मोटारी थेट मांडव्याला उतरू लागल्या आणि अशा तक्रारी वाढणार हे उघडच होते. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून वाटच नाही, हा व्यवस्थापकांचा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी. त्यावर पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशात वाट नसली, तरी प्रत्यक्ष वहिवाटीला महत्त्व असते. त्यासाठी शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यांचे जबाब उपयोगी पडतात आणि पागेच्या जागेचे खरेदीखतही पाहावे, कारण त्यातल्या चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, किंवा "जाण्यायेण्याच्या हक्कांसह" अशा एखाद्या ओळीत पुष्कळदा आपलेच काम झालेले सापडते.

या सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. चालू असलेली वाट अडवली गेली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदारांकडे दावा करता येतो, परंतु तो अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. तोंडी बोलणी, बैठका आणि "साहेब दिवाळीला येतील तेव्हा पाहू" ही आश्वासने यांतच हा काळ निघून जातो. म्हणून मालकांना आजच नोंदणीकृत पत्र पाठवावे, कुंपणाची दिनांकासह छायाचित्रे ठेवावीत आणि दावा दाखल करूनच मग बोलणी चालू ठेवावीत. मुदत हुकल्यास जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 उरते. त्यानुसार तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती जुन्याच जागेवरून मिळेल असे नाही.

लिदीचा प्रश्नही क्षुल्लक नाही. पूर्ण वाढलेला घोडा दिवसाला साधारण 20 किलो लीद टाकतो, म्हणजे दहा घोड्यांची रोज सुमारे दोन क्विंटल. कोकणातल्या जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून पावसाळ्यात तिचे पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करून, तळ पक्का असलेला व छप्पर घातलेला खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला बांधण्याची मागणी करावी. कुजलेली लीद नारळ-सुपारीच्या वाड्यांना उत्तम खत असल्याने बागायतदार ती उचलतीलही, आणि वाटेबाबत अडून बसलेल्या मालकांचीही याला हरकत असण्याचे कारण नाही. मात्र पावसाआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या सरींनंतर पुन्हा एकदा विहिरीच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घ्यावी आणि दोन्ही अहवाल तक्रारीला जोडावेत.