जर्मनीतल्या विद्यापीठात पोस्टडॉक: सही करण्याआधी

तुम्ही लिहिलंय की वनस्पतिशास्त्रात पीएचडी झाली आहे, पुण्यात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, तासांप्रमाणे मानधन) शिकवता, नवरा हिंजवडीत नोकरीला आहे, मुलगी चार वर्षांची आहे आणि आता म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या कामाची, ऑफर आली आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठात काम करणं कसं असतं आणि पुण्यातलं सगळं आवरून यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मीही गणेशखिंडीतून, म्हणजे पुणे विद्यापीठातूनच, पीएचडी करून इथे आले, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे बघा, की तुमचा पगार कुठल्या पैशातून येणार आहे आणि तो पैसा कधी संपणार आहे. विद्यापीठाच्या नावापेक्षा याला जास्त महत्त्व द्या.

हे विद्यापीठ १४७२ साली इंगोलश्टाटला सुरू झालं, १८२६ मध्ये म्युनिकला आलं. आज पन्नास हजारांच्या वर विद्यार्थी आहेत. पण रोजच्या कामात त्या अवाढव्यपणाशी तुमचा फारसा संबंध येणार नाही. तुमचं विद्यापीठ म्हणजे एका प्राध्यापकाचा गट: ते स्वतः, एक सेक्रेटरी, दोन-तीन पोस्टडॉक, काही पीएचडीची मुलं, एखादा तांत्रिक सहाय्यक. आपल्याकडे विभागप्रमुख पाळीपाळीने बदलतो, एकाशी नाही जमलं तर दुसऱ्याकडे दाद मागता येते. इथे ती खुर्ची साधारण निवृत्तीपर्यंत एकाच माणसाची असते. काम, सुट्टी, कॉन्फरन्स, करार वाढवणं, सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. म्हणून त्या गटातून बाहेर पडलेल्या एक-दोन जणांना शोधून त्यांच्याशी फोनवर बोला. आत असलेले लोक मोकळेपणाने बोलतीलच असं नाही.

आता कराराचं. २००७ च्या कायद्यानुसार विद्यापीठ संशोधकाला पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं तात्पुरत्या करारावर ठेवू शकतं. वैद्यकीय शाखेत नंतरची नऊ. मूल असेल तर प्रत्येक मुलामागे ही मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते. बाहेरच्या प्रकल्पाच्या निधीवर नेमणूक असेल तर करार त्या प्रकल्पाबरोबर संपतो. प्राध्यापक सोडले तर पर्मनंट जागा फार थोड्या, आणि ज्या विद्यापीठात वाढलात तिथेच प्राध्यापक म्हणून नेमणूक सहसा होत नाही. २०२१ मध्ये इथल्या हजारो संशोधकांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. तेव्हा सीएचबीच्या अनिश्चिततेतून सुटका एवढंच मनात असेल, तर इथे अनिश्चितता तीच आहे, फक्त पगार चांगला आहे. चांगलं काम करायला, दोन-तीन चांगले पेपर काढायला येणार असाल तर जरूर या.

कारण काम करायला ही जागा खरोखर सुंदर आहे. पुण्यात एखादं एन्झाइम मागवायचं म्हणजे तीन कोटेशन, खरेदी समिती, मग सही, मग मार्चअखेर. इथे साधी रसायनं दुपारी ऑर्डर केली की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत टेबलावर असतात. मीडिया (वाढीचं माध्यम) बनवणं, निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावणं यात सहाय्यकाचा हात असतो. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली नाहीत. सकाळी प्रयोगाला बसलं की दुपारपर्यंत कोणी 'मॅडम, जरा एक माहिती भरून द्या' म्हणत येत नाही. ही शांतता मला पहिल्यांदा इथे मिळाली आणि तिची किंमत मी पैशात करू शकत नाही.

गटाच्या बैठकीची मात्र सवय करून घ्यावी लागेल. तुम्ही स्लाइड दाखवत असता आणि पहिल्या वर्षाची पीएचडीची मुलगी सरळ म्हणते, 'या आलेखावरून हा निष्कर्ष निघत नाही. कंट्रोल कुठे आहे?' ती प्राध्यापकांनाही असंच विचारते. कोणाला राग येत नाही, शेवटी सगळे बोटांच्या पेरांनी टेबल वाजवतात (इथे व्याख्यानानंतर टाळ्या नसतात) आणि बारा वाजायच्या आत सगळे एकत्र मेसमध्ये जेवायला. आपण मोठ्यांसमोर गप्प बसतो तो आदर म्हणून, पण इथे त्याचा अर्थ या व्यक्तीला काही मत नाही असा घेतला जातो. पहिल्याच महिन्यात बोलायला लागा.

शिकवायचं असेल तर आणखी एक. पेपर तपासून झाले की विद्यार्थ्यांना आपली उत्तरपत्रिका बघायचा हक्क असतो. मुलं समोर बसतात आणि अर्धा गुण का कापला ते विचारतात. समासात कारण लिहिलेलं असलं तरच तुमचा निभाव लागेल. पदवीचे वर्ग बहुतेक जर्मनमध्ये असतात. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण कार्यालयाची पत्रं, सुरक्षा प्रशिक्षण, घरमालक, सगळं जर्मन. रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनात बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन करूनच निघा. इथे येऊन नोकरी सांभाळून भाषा शिकणं फार जड जातं.

पैशाचं थोडक्यात. पोस्टडॉकला राज्यांच्या वेतनकरारातली ई-१३ ही श्रेणी मिळते, वर्षाला ३० दिवस रजा. एकट्या माणसाच्या हातात कर, आरोग्यविमा, पेन्शन वजा जाऊन साधारण ६० ते ६५ टक्के येतात. नवरा-बायकोंना करवर्ग बदलून थोडा फायदा होतो. श्रेणीतली पायरी रुजू होताना अनुभवावरून ठरते, म्हणून तो विषय सहीच्या आधीच काढा, नंतर कोणी ऐकत नाही. आणि नियमित पेन्शनवर सरकारी नोकरांची एक जादा पेन्शन योजना असते, तिचा हक्क मिळायला ६० महिने लागतात. तुमचा करार दोन वर्षांचा आहे, तर पहिल्या दोन महिन्यांत अर्ज करून तिच्यातला ६० महिन्यांची अट नसलेला दुसरा पर्याय घ्या. हे बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. ऑफर नोकरीची नसून फेलोशिपची असेल तर हे सगळं गणित बदलतं, कारण पेन्शन त्यात धरलेली नसते.

संशोधक व्हिसावर नवऱ्याला काम करायची परवानगी मिळते आणि त्याच्या व्हिसासाठी जर्मनच्या परीक्षेची अट नाही. नोकरी मात्र जर्मनशिवाय सहज मिळेल असं धरू नका. मुलीसाठी शहराच्या पोर्टलवर बालवाडीचा अर्ज पत्ता मिळाल्याबरोबर करा, जागा कमी आणि रांग मोठी आहे. घर ही सगळ्यात अवघड गोष्ट. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा शहराबाहेर मार्टिन्सरीडला आहेत. तिथे जायला यू-६ ही भुयारी रेल्वे ग्रोसहाडर्नपर्यंत आणि पुढे बस. त्या मार्गावर घर शोधा. आणि पहिले काही महिने विद्यापीठाच्या अतिथिगृहात जागा मिळते का हे प्राध्यापकांच्या सेक्रेटरीला आजच विचारा. सेक्रेटरीबाईंशी सुरुवातीपासून नीट वागा, अर्ध्या अडचणी त्याच सोडवतात.

तर आता प्राध्यापकांना एक मेल करा. पगार विद्यापीठाच्या पदावर आहे की प्रकल्पावर? प्रकल्प कोणत्या तारखेला संपतो? करार वाढवायचा विचार असेल तर पैसे कुठून येतील? शिकवायचे तास किती? हे इथे अतिशय साधे प्रश्न समजले जातात, संकोच करू नका. त्यांची उत्तरं गोलमोल आली तर मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.

उत्तरं चांगली आली तर पगाराची पायरी ठरताना दाखवायला कॉलेजच्या कार्यालयातून अनुभवाचं पत्र मागायला लागा. सीएचबीच्या पत्रावर बऱ्याचदा नुसते तास लिहिलेले असतात. तुम्हाला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता विषय आणि आठवड्याला किती तास, हे इंग्रजीत, सही-शिक्क्यासह हवंय. प्रत्येक वर्षाचं वेगळं पत्र असेल तर सगळी घ्या, आणि परीक्षांचे दिवस सुरू व्हायच्या आत घ्या, एकदा कार्यालय त्या गडबडीत गेलं की महिनाभर कोणी हाती लागत नाही.