‘स्वामी’ वाचून शनिवारवाडा पाहताना

प्रश्न : रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचून मुलांना शनिवारवाडा दाखवायला नेलं. आत नुसती जोती आणि हिरवळ! तासाभरात कंटाळून बाहेर पडलो. कादंबरीतला वाडा तिथे शोधायचा तरी कसा? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुम्ही बहुधा दारातून थेट हिरवळीवर उतरलात. तिथून जोती म्हणजे नुसते दगडांचे ओटे दिसतात. आधी तटावर चढायचं. वरून खाली पाहिलं की चौक कुठे होते, दालनं कुठे होती, हौद कुठे होते, ते नकाशासारखं उलगडतं. तटाच्या पायऱ्या उंच आहेत, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवशी शनिवार होता. आतले महाल लाकडी होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत ते गेले आणि दगडी भाग तेवढा उरला.

दिल्ली दरवाज्यापाशी मात्र घाई करू नका. उत्तरेकडे तोंड असलेल्या या दाराच्या प्रत्येक फळीवर ७२ टोकदार खिळे आहेत, आणि तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, कारण दार फोडायला हत्तीच आणत. रोजच्या ये-जा करण्यासाठी मोठ्या दारात दिंडी, म्हणजे छोटं दार, ठेवलेली आहे. वाकून आत गेलात की वाट सरळ न जाता वळते, म्हणजे दार फुटलं तरी शत्रूला जोरात आत घुसता येऊ नये. मुलांना मोठ्या दारापेक्षा ही दिंडीच जास्त आवडते, असा अनुभव आहे.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. आत सावली जवळजवळ नाही आणि फरसबंदी तापते. सकाळी लवकर जावं. संध्याकाळी पाचनंतर पोचलात तर तटाची फेरी अर्धवट राहील. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यामुळे तिकीट आहे, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. मेट्रोने महापालिका स्थानकावर उतरून नवा पूल ओलांडला की वाडा समोरच. गाडी आणून पार्किंग शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : वाड्यात गाइडने ‘काका, मला वाचवा’ची गोष्ट सांगितली, हजारी कारंजंही दाखवलं. कादंबरीत यातलं काही कसं नाही? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : कारण दोन्ही नंतरचं आहे. ‘स्वामी’ ही थोरल्या माधवराव पेशव्यांची कादंबरी. त्यांची पेशवाई १७६१ ते १७७२. ही दोन सालं ध्यानात ठेवून वाड्यातली प्रत्येक पाटी वाचा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. ‘काका, मला वाचवा’ म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांच्या खुनाची गोष्ट, आणि तो खून ३० ऑगस्ट १७७३चा, म्हणजे माधवराव गेल्यावर नऊ-साडेनऊ महिन्यांनी. हजारी कारंजं तर नारायणरावांचे चिरंजीव सवाई माधवराव यांच्यासाठी बांधलेलं, आणि त्यांचा जन्मच १७७४चा. तेव्हा थोरले माधवराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई तिथे बसून बोलले असतील, अशी कल्पना करू नका. माधवराव दोन होते, हे विसरलं की हमखास घोटाळा होतो. मस्तानी दरवाज्याचं उलट आहे. ती आठवण थोरल्या माधवरावांच्या आजोबांच्या, थोरल्या बाजीरावांच्या काळातली.

कादंबरीतला काका-पुतण्यांचा कलह या वाड्याला खरोखर चिकटलेला आहे. १७६८ साली धोडपच्या लढाईत माधवरावांचे काका राघोबादादा हरले आणि त्यांना आणून याच वाड्यात नजरकैदेत ठेवलं. गाइड हे क्वचितच सांगतात. खुनाची गोष्ट जास्त खपते, दुसरं काय!

प्रश्न : पेशवाईतलं लाकडी काम डोळ्यांनी पाहायला मिळेल असं जवळ काही आहे का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांचा, म्हणजे कादंबरीच्या काळानंतर तीसेक वर्षांनी बांधलेला. पण सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि त्यांच्यावरची केळफुलं पाहिली की जळालेल्या महालांत काय असेल याचा अंदाज येतो. कोणता भाग उघडा आहे ते दाराशी विचारून घ्या.

प्रश्न : थेऊर आणि शनिवारवाडा एकाच दिवसात होईल का? आधी कुठे जावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होईल, फक्त क्रम उलटा ठेवा: आधी थेऊर, मग वाडा. सकाळी लवकर निघालात तर हडपसरची कोंडी लागायच्या आत पार होता. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर मागे टाकून थेऊर फाट्यावरून डावीकडे आत वळायचं. पुण्यापासून साधारण २५ किलोमीटर. गाडी नसेल तर हडपसरहून पीएमपी मिळते.

कादंबरी खऱ्या अर्थाने भेटते ती इथे, असं आमचं मत आहे. क्षयाने खंगलेले माधवराव शेवटी इथल्या चिंतामणी गणपतीपाशी येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी इथेच गेले. वय अवघं सत्तावीस. देवळाचा लाकडी सभामंडप त्यांनीच बांधवला. दर्शनाच्या रांगेत लोक त्याच मंडपातून पुढे सरकतात, पण नजर गाभाऱ्याकडे असल्यामुळे खांबांकडे बघत नाहीत. दर्शन झाल्यावर पाच मिनिटं परत येऊन मंडपात बसा.

मग मुळा-मुठेच्या काठी जा. रमाबाई सती गेल्या त्या जागी त्यांचं वृंदावन आहे. बरेच अष्टविनायकवाले दर्शन घेऊन सरळ बसमध्ये बसतात आणि हे राहून जातं. पूजेच्या दुकानात ‘सतीचं वृंदावन कुठे’ एवढं विचारलं तरी वाट दाखवतील.

संकष्टी, अंगारकी आणि माघी-भाद्रपदी चतुर्थी टाळा. त्या दिवशी रांगेतच सकाळ जाते आणि मंडपात कोणी टेकू देत नाही. कार्तिक वद्य अष्टमीला माधवरावांची पुण्यतिथी असते. कादंबरीसाठीच जायचं असेल तर तो दिवस धरा, निघण्याआधी पंचांगात तारीख पाहून.